गठ्ठा कोणी सोडायचा?

तीन घटक चाचण्यांत एका विद्यार्थ्याला ४, ८ आणि ९ गुण मिळाले. सरासरी किती? सातवीतला मुलगाही बेरीज करून सांगेल: २१ भागिले ३, म्हणजे ७. हेच गणित आम्ही एकदा संगणकाला घातले. भाषा होती 'आर'. उत्तर आले ४. पडद्यावर चूक झाल्याची सूचना नाही की साधा इशारा नाही. संगणक अगदी शांतपणे म्हणाला, चार.

गंमत म्हणून ही गोष्ट सोडून देता आली असती. पण त्या वेळी एका वर्गाचे निकालपत्रक तयार होत होते आणि प्रत्येक नावापुढे पहिल्या चाचणीचेच गुण 'सरासरी' म्हणून उमटत होते. तपासणीसाठी आम्ही सहज एका मुलीचे पान काढले. तिला तिन्ही चाचण्यांत सारखेच गुण होते, त्यामुळे सरासरी बरोबर दिसली आणि आम्ही निर्धास्त झालो. पुढे एक मुलगा सापडला. पहिल्या चाचणीला तो गैरहजर होता, नंतरच्या दोन्ही चाचण्यांत त्याला चांगले गुण होते, आणि सरासरीच्या रकान्यात शून्य! तेव्हा आमचे डोळे उघडले. तो मुलगा पहिल्या चाचणीला हजर असता तर ते पत्रक तसेच लागले असते.

आम्ही जे साधन वापरले होते त्याचे नाव 'डू.कॉल'. यादीतले घटक एकेक सुटे करून फंक्शनच्या हाती देणे हे त्याचे काम. आर शिकवणाऱ्या अनेक टिपणांत हे साधन एका ओळीत उरकलेले असते: 'हातात यादी असेल तर डू.कॉल वापरा.' आम्हीही तेच केले होते. या लेखात आम्ही या साधनाची परीक्षा करणार आहोत. झालेल्या घोटाळ्यात त्याचा वाटा किती, त्याच्या शेजाऱ्यांचा किती आणि शिकवणाऱ्यांचा किती, हे नीट वेगळे करून पाहू.

एक खुलासा आधीच करतो. वाचायला सोपे जावे म्हणून आज्ञा इथे देवनागरीत छापल्या आहेत. संगणकावर त्या रोमन लिपीत टंकाव्या लागतात.

घराण्याची ओळख

आर ही संख्याशास्त्राच्या कामासाठी घडवलेली संगणकभाषा. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती लिहायला घेतली. १९९३ मध्ये ती बाहेरच्यांना दाखवली गेली आणि १९९५ मध्ये मुक्त परवान्याखाली सर्वांना खुली झाली. १.०.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी आली. आज ती जगभर वापरली जाते आणि आपल्याकडच्या विद्यापीठांतही संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवली जाते. ती फुकट मिळते ही शाळा-महाविद्यालयांच्या दृष्टीने मोठीच सोय आहे.

आरचे आईबाप दोन. एक 'एस' ही भाषा. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ पासून ती घडवली. दुसरी 'स्कीम', म्हणजे लिस्प या जुन्या घराण्यातली एक शाखा. आरचे बाह्यरूप एसकडून आले आणि आतल्या यंत्रणेतले बरेच काही स्कीमकडून. डू.कॉल हे एसकडून आलेले वारशाचे भांडे आहे. आरच्या मदतपानावर त्याच्यासाठी बेकर, चेंबर्स आणि विल्क्स यांच्या १९८८ सालच्या एसवरील पुस्तकाचा हवाला दिलेला आहे. म्हणजे हे साधन आरपेक्षा वयाने मोठे आहे. त्याचे गुण आणि खोडी दोन्ही जुन्या आहेत.

गठ्ठा आणि सुट्या उत्तरपत्रिका

आता मूळ मुद्दा. फंक्शन म्हणजे काही घेऊन काही परत देणारे यंत्र. बेरीज करणारे फंक्शन 'सम' घ्या.

सम(४, ८, ९)

उत्तर २१. कंसात स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या तीन गोष्टी आपण दिल्या. यांना फंक्शनची अर्ग्युमेंटे म्हणतात. आता हेच आकडे एका यादीत बांधू.

गुण <- लिस्ट(४, ८, ९)

'गुण' ही आता एकच वस्तू झाली. 'सम(गुण)' असे लिहिले तर आर तक्रार करते की यादी या प्रकारचे अर्ग्युमेंट मला चालत नाही. मुले इथे गोंधळतात. आकडे तर तेच आहेत, मग अडचण कसली?

परीक्षकाचे उदाहरण घ्या. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सुतळीने बांधून त्याच्यासमोर ठेवला. त्याला गुण द्यायचे आहेत उत्तरपत्रिकांना, गठ्ठ्याला नाही. कोणीतरी सुतळी सोडून एकेक उत्तरपत्रिका त्याच्या हातात द्यायला हवी. डू.कॉल हा सुतळी सोडणारा शिपाई आहे.

डू.कॉल(सम, गुण)

उत्तर २१. आरने मनातल्या मनात 'सम(४, ८, ९)' असे वाक्य तयार केले आणि ते चालवले. डू.कॉल एवढेच करते: फंक्शन आणि यादी घेऊन त्यांतून एक पूर्ण आज्ञा रचते आणि ती पार पाडते.

गणिताच्या शिक्षकांना हा भेद नवा नाही. निर्देशक भूमितीत बिंदू (३, ४) ही एक वस्तू आहे; ३ आणि ४ या दोन संख्या आहेत. दोन चलांचे फल आणि एका बिंदूचे फल यांत आपण फळ्यावर फारसा फरक करत नाही, कारण समोरचा माणूस समजून घेतो. संगणक समजून घेत नाही. त्याच्या लेखी एक जोडी आणि दोन संख्या या कायमच्या वेगळ्या गोष्टी. हा भेद मुलांच्या मनात पक्का करायला डू.कॉल हे फार चांगले निमित्त आहे, आणि आमच्या मते ते शिकवण्याचे खरे कारणही तेच.

ते कुठे शोभते

टीका करण्याआधी त्याचे पारडे भरून घेऊ. समजा एका शाळेत बारा वर्ग आहेत आणि प्रत्येकाचे ५० ओळींचे गुणपत्रक वेगवेगळ्या फाइलीत आहे. फाइली वाचून बारा सारण्यांची एक यादी तयार झाली. आता त्या एकाखाली एक जोडून ६०० ओळींची एकच सारणी हवी. ओळी जोडणाऱ्या फंक्शनचे नाव 'आरबाइंड'. त्याला बारा सारण्या बारा सुटी अर्ग्युमेंटे म्हणून हव्या असतात. हाताने बारा नावे लिहिता येतील, पण पुढच्या वर्षी तेरावी तुकडी निघाली तर? अशा वेळी

डू.कॉल(आरबाइंड, पत्रके)

ही एक ओळ बारा सारण्यांनाही पुरते आणि तेराशेंनाही.

दुसरा मार्ग म्हणजे पहिलीला दुसरी जोडा, आलेल्या सारणीला तिसरी जोडा, असे करत जाणे. उत्तर तेच येते, पण श्रम पाहा. दर जोडणीला आर नवी सारणी उभी करते आणि आधीच्या सगळ्या ओळी पुन्हा उतरवून घेते. दुसऱ्या पायरीला १०० ओळी, तिसरीला १५०, असे करत बाराव्या पायरीला ६००. बेरीज करून पाहा: ३,८५० ओळी उतरवल्या जातात. सगळे एकदम जोडले तर ६०० मध्ये भागते. वर्ग बाराऐवजी शंभर असते तर एकेक जोडण्याच्या रीतीत अडीच लाखांहून अधिक ओळी उतरवाव्या लागल्या असत्या. एकदम जोडताना फक्त ५,०००. श्रेढीची बेरीज शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.

तिसरा उपयोग अर्ग्युमेंटांना नावे असताना. यादीतल्या घटकांना नावे दिली तर डू.कॉल तीच नावे अर्ग्युमेंटांना देते. 'सेक' हे फंक्शन अंकगणिती श्रेढी तयार करते. यादीत 'फ्रॉम' म्हणून १, 'टू' म्हणून १० आणि 'बाय' म्हणून ३ ठेवले, आणि ती डू.कॉलने सेकला दिली, तर १, ४, ७, १० अशी श्रेढी मिळते. ही यादी आपण आधी सावकाश तयार करू शकतो. गरज असेल तर एखादे कलम घालावे, नसेल तर काढावे, आणि मग एकदाच फंक्शनला बोलवावे. किती आणि कोणती अर्ग्युमेंटे लागतील हे आधी ठाऊक नसते तेव्हा ही सोय मोलाची ठरते.

इतके श्रेय देऊन आता तक्रारींकडे वळू.

पहिली तक्रार: नाव

'डू.कॉल' या शब्दांवरून काय कळते? 'बोलवण्याचे काम कर.' पण फंक्शनला आपण नेहमीच बोलवत असतो. इथे विशेष काय घडते, तर यादी सुटी होते. आणि नेमकी तीच गोष्ट नावात नाही. जॉन मकार्थी यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस घडवलेल्या लिस्प भाषेत या कामासाठी 'अप्लाय' असा शब्द आहे. आरमध्येही 'अप्लाय' आहे, पण तो वेगळेच काम करतो: सारणीच्या प्रत्येक ओळीवर किंवा प्रत्येक रकान्यावर एखादे फंक्शन चालवतो. त्याचा भाऊ 'एलअप्लाय' यादीतल्या प्रत्येक घटकावर फंक्शन स्वतंत्रपणे चालवतो.

विद्यार्थी इथेच घसरतात. 'एलअप्लाय(गुण, सम)' म्हटले की तीन घटकांवर तीन वेळा बेरीज होते आणि ४, ८, ९ अशी तीन उत्तरांची यादी परत येते. 'डू.कॉल(सम, गुण)' म्हटले की एकदाच बेरीज होते आणि २१ मिळतात. पहिल्यात परीक्षक प्रत्येक उत्तरपत्रिकेसाठी नव्याने खुर्चीत बसतो, दुसऱ्यात सगळ्या उत्तरपत्रिका पुढे मांडून एकदाच बसतो. फरक मोठा आहे, पण नावांवरून तो कोणाला कळणार? त्यात आणखी भर म्हणजे एकात यादी आधी आणि फंक्शन नंतर, तर दुसऱ्यात फंक्शन आधी आणि यादी नंतर.

इतर भाषांनी काय केले तेही पाहण्यासारखे आहे. पायथनमध्ये पूर्वी 'अप्लाय' हे फंक्शन होते. २००० साली आलेल्या २.० आवृत्तीत यादीच्या आधी एक तारांकन लिहिण्याची सोय झाली आणि २००८ च्या ३.० आवृत्तीतून अप्लाय काढून टाकले गेले. जावास्क्रिप्टमध्ये २०१५ पासून यादीच्या आधी तीन टिंबे देता येतात. दोन्हीकडे खूण यादीला चिकटून असते, त्यामुळे 'ही यादी इथे सुटणार' हे वाचताना डोळ्यांना दिसते. मूळ आरमध्ये अशी खूण नाही. 'आर-लँग' या जोडसंचात तीन उद्गारचिन्हांची खूण आहे, पण ती ओळखणाऱ्या फंक्शनांतच ती चालते. म्हणून आरमध्ये हे काम मुख्यतः डू.कॉलवरच येऊन पडते.

दुसरी तक्रार: मुकाट चुकीचे उत्तर

आता आमच्या फजितीकडे येऊ. आम्ही लिहिले होते:

डू.कॉल(मीन, गुण)

'मीन' म्हणजे सरासरी. बेरजेला चालले ते सरासरीला चालेल असे आम्ही गृहीत धरले. ते का चालले नाही?

सम या फंक्शनच्या कंसात सुरुवातीलाच तीन टिंबे आहेत. त्यांचा अर्थ 'कितीही द्या, सगळे बेरजेत धरीन'. मीनची ठेवण वेगळी आहे. त्याला पहिल्या जागी सगळे आकडे एकाच वस्तूत हवे असतात. दुसरी जागा 'ट्रिम' या कलमाची: दोन्ही टोकांकडचे किती अंश आकडे छाटायचे, ते सांगणारी. तिसरी जागा, नसलेल्या नोंदी वगळायच्या की नाही हे सांगणारी. आमच्या यादीची सुतळी सुटली तेव्हा ४ पहिल्या जागी गेले, ८ छाटणीच्या जागी आणि ९ तिसऱ्या जागी. म्हणजे आम्ही मीनला सांगितले: 'चार या एकाच आकड्याची सरासरी काढ, आणि काढताना आठ अंश छाट.' छाटणीचा अंश शून्य ते अर्धा एवढाच असू शकतो. मदतपानावर लिहिले आहे की त्याबाहेरचा आकडा दिल्यास जवळचे टोक धरले जाईल. म्हणून ८ चे झाले ०.५. अर्ध्याइतकी छाटणी म्हणजे मध्यक. चार या एकट्या आकड्याचा मध्यक चार. उत्तर ४!

प्रत्येक पायरी नियमाला धरून आहे आणि शेवट मात्र चुकीचा. क्रम बदलून ९, ८, ४ दिले असते तर सरासरी ९ आली असती.

हेच तीन आकडे प्रमाण विचलन काढणाऱ्या 'एसडी' ला डू.कॉलने देऊन पाहा. तिथे दोनच जागा आहेत, त्यामुळे आर ताबडतोब थांबते आणि तिसरे अर्ग्युमेंट वापरता येत नाही असे सांगते. म्हणजे एकच यादी, एकच डू.कॉल, आणि तीन सख्ख्या शेजाऱ्यांची तीन वागणी: सम बरोबर उत्तर देते, एसडी भांडते, मीन मुकाट चुकते. यांत भांडणारी एसडी आम्हाला मीनपेक्षा अधिक प्रामाणिक वाटते. पायथनच्या संख्याशास्त्र संचातली सरासरीही अशा वेळी चूक दाखवून थांबते.

तर दोष कोणाचा? डू.कॉलने सांगितलेले काम चोख केले. 'मीन(४, ८, ९)' असे हाताने लिहिले असते तरी उत्तर ४ च आले असते. मोठा दोष मीनच्या ठेवणीचा: आठ अंश छाटा म्हटल्यावर त्याने निदान इशारा द्यायला हवा होता. पण डू.कॉलने एक गोष्ट नक्की केली, ती म्हणजे चूक झाकली. 'मीन(४, ८, ९)' डोळ्यांसमोर असते तर एखाद्या जाणत्याला शंका आली असती. 'डू.कॉल(मीन, गुण)' यात शंका यायला जागाच नाही, कारण सुटी झालेली अर्ग्युमेंटे आपल्याला दिसतच नाहीत.

उपाय साधा आहे. सगळे आकडेच असतील तर यादीची गरजच नाही. आरमध्ये एकाच जातीच्या आकड्यांच्या रांगेला व्हेक्टर म्हणतात आणि ती 'सी' या फंक्शनने बांधतात. 'मीन(सी(४, ८, ९))' चे उत्तर ७. यादी आधीच हाती आली असेल तर 'अनलिस्ट' तिचा व्हेक्टर करून देते: 'मीन(अनलिस्ट(गुण))', उत्तर ७. इथे गठ्ठा सोडायचा नव्हताच, फक्त दुसऱ्या सुतळीने बांधायचा होता.

तिसरी तक्रार: नावांचा सापळा

यादीतली नावे अर्ग्युमेंटांची नावे होतात ही सोय आम्ही वर सांगितली. तीच कधी कधी उलटते. शब्द जोडणाऱ्या 'पेस्ट' या फंक्शनमध्ये 'सेप' नावाचे कलम आहे. दोन शब्दांच्या मध्ये काय घालायचे ते त्यात सांगतात. काही सांगितले नाही तर मोकळी जागा पडते. आता एका विद्यार्थ्याने पावसाच्या नोंदी यादीत ठेवल्या आणि घटकांना महिन्यांची इंग्रजी लघुरूपे दिली: जुल, ऑग, सेप, ऑक्ट. नोंदी अनुक्रमे 'मुसळधार', 'जोरदार', 'मध्यम', 'तुरळक'. यादी डू.कॉलने पेस्टला दिली. अपेक्षा चार शब्दांच्या वाक्याची. मिळाले ते असे:

मुसळधारमध्यमजोरदारमध्यमतुरळक

सप्टेंबरची नोंद महिना म्हणून आलीच नाही. पेस्टने ती 'मध्ये घालायचा मजकूर' म्हणून वापरली. चूक कोणाची म्हणायची? महिन्याचे लघुरूप बरोबर, कलमाचे नावही बरोबर. दोघे एकाच दारात समोरासमोर आले एवढेच.

सारण्यांच्या बाबतीत हा धोका अधिक, कारण आरमधली सारणी ही आतून रकान्यांची यादीच असते. अनेक रकान्यांवर क्रम लावायला सारणीच डू.कॉलने 'ऑर्डर' या फंक्शनला देण्याची रीत आहे, आणि ती उपयोगीही आहे. पण एखाद्या रकान्याचे नाव 'मेथड' असेल, तर ऑर्डरमध्ये त्याच नावाचे कलम असल्यामुळे तो रकाना रांगेत न बसता कलमाच्या खुर्चीत जाऊन बसतो. यावर तोडगा म्हणजे सुतळी सोडण्याआधी नावे पुसणे. त्यासाठी 'अननेम' हे फंक्शन आहे. परीक्षेत उत्तरपत्रिकेवरचे नाव झाकतात, तसेच हे.

चौथी तक्रार: बोलघेवडेपणा

शेवटची तक्रार वरच्या वर्गांतल्या विद्यार्थ्यांसाठी. समाश्रयण रेषा काढणाऱ्या 'एलएम' या फंक्शनला सूत्र आणि सारणी यादीत घालून डू.कॉलने बोलवले तर उत्तर बरोबर येते, पण त्यासोबत 'मला असे बोलावले होते' म्हणून सगळीच्या सगळी सारणी पडद्यावर ओतली जाते. ६०० ओळींची सारणी असेल तर मूळ उत्तर शोधावे लागते.

कारण समजून घेण्यासारखे आहे. आपण नेहमीच्या रीतीने 'डेटा = पत्रक' लिहितो तेव्हा एलएमला 'पत्रक' हे नाव कळते आणि ते तेवढेच टिपून ठेवते. यादीत मात्र पत्रकाचे नाव राहत नाही, पत्रकच राहते. डू.कॉलने रचलेल्या आज्ञेत नावाच्या जागी आख्खा ऐवज येऊन बसतो. चूक झाली की येणारा अहवालही याच कारणाने लांबलचक आणि दुर्बोध होतो. यादीत पत्रकाऐवजी 'क्वोट' वापरून त्याचे नाव ठेवले तर हा पसारा टळतो. वस्तू आणि वस्तूचे नाव यांतला भेद दाखवायला याहून बोलके उदाहरण आरमध्ये आम्हाला सापडलेले नाही.

मग शिकवायचे कसे?

आमचा निष्कर्ष असा. डू.कॉल हे साधन खोटे नाही. त्याचे नाव वाईट आहे आणि ते नवख्याला धोका दाखवत नाही, पण सांगितलेले काम ते इमानाने करते. खरी टीका करायची ती त्याला मंत्र म्हणून शिकवणाऱ्या रीतीवर. 'यादी असेल तर डू.कॉल' हे वाक्य तीन उदाहरणांत बरोबर ठरते आणि चौथ्यात वर्गाचा निकाल बिघडवते. बरोबर ठरलेली तीन उदाहरणे टिपणात छापली जातात, चौथे विद्यार्थ्याच्या वाट्याला येते.

मंत्राऐवजी तीन प्रश्न शिकवावेत.

पहिला: समोरच्या फंक्शनला गठ्ठा हवा आहे की सुट्या उत्तरपत्रिका? हे कळायला त्याचे मदतपान उघडावे आणि कंसात पहिल्या जागी काय आहे ते पाहावे. तीन टिंबे असतील, जसे सम, मॅक्स, पेस्ट, आरबाइंड यांत, तर सुटे घटक चालतात. एकाच वस्तूचे नाव असेल, जसे मीनमध्ये, तर सुतळीला हात लावू नये.

दुसरा: सुटा झालेला प्रत्येक घटक कोणत्या जागी बसेल? निदान पहिल्या वेळी तरी सुटी झालेली आज्ञा वहीत पूर्ण लिहून काढावी. वहीत 'मीन(४, ८, ९)' लिहिले असते तर आमचे निकालपत्रक वाचले असते.

तिसरा: घटकांना नावे आहेत का, आणि असल्यास ती फंक्शनच्या कलमांशी भिडतात का? नावांची गरज नसेल तर ती पुसावीत.

आणि एक जुना, सगळ्या विषयांना लागू असलेला नियम: यंत्राचे उत्तर तपासताना उदाहरण असे निवडावे की चूक असेल तर ती दिसेलच. आम्ही तिन्ही चाचण्यांत सारखे गुण असलेली मुलगी निवडली. तिची सरासरी पहिल्या गुणाइतकीच असणार होती, मग पद्धत बरोबर असो की चूक. अशी तपासणी करणे म्हणजे न करण्यासारखेच. ४, ८, ९ घेतले असते तर पहिल्याच मिनिटाला पकडलो गेलो असतो.

वर्गात करून पाहण्यासाठी एक छोटा पाठ सुचवतो. संगणक नसला तरी चालेल. फळ्यावर तीन चौकटी काढून त्यांवर 'आकडे', 'छाटणी' आणि 'नसलेले वगळायचे का?' असे लिहा. तीन मुलांच्या हातात ४, ८, ९ या चिठ्ठ्या द्या आणि त्यांना एकत्र बांधलेल्या दोरीच्या आत उभे करा. आता दोरी सोडा आणि आलेल्या क्रमाने एकेकाला एकेका चौकटीसमोर उभे राहायला सांगा. मग वर्गाला विचारा, सरासरी किती येईल? आठ अंश छाटायचे म्हणजे काय, असा प्रश्न एखादे मूल विचारेलच. त्याला शाबासकी द्या. आरने विचारायला हवा होता तो प्रश्न त्याने विचारला आहे.